जुना लॅपटॉप, त्याहून जुना डेस्कटॉप आणि बाबांच्या अठरा हजार निगेटिव्ह

ओसरी (शुक्रवार, रात्री १०:२०)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचक, आज कामापुरती उगवले आहे.

बाबांचा संगमनेरला फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून बरीच वर्षं झाली, पण निगेटिव्हची पाकिटं त्यांनी एकही टाकलं नाही. आता नाशिकला आमच्याकडे राहायला आल्यापासून रोज सकाळी दोन तास स्कॅनर लावून बसतात. २४०० डीपीआय, टिफ फाइल, एक फ्रेम साधारण २३ एमबी. अठरा हजारांच्या वर फ्रेम झाल्या, म्हणजे सव्वाचारशे जीबी. अजून दोन ट्रंका बाकी आहेत.

घरात पडून असलेला माल असा :
एक २०१२ चा लॅपटॉप. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क. विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ याला घरात घेत नाही.
एक २००८ चा डेस्कटॉप. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, त्यात नंतर घातलेली १ टीबीची मोठी डिस्क.
१ टीबीची एक पोर्टेबल डिस्क.

यातून घरातल्या घरात चालेल असा साठवणीचा सर्व्हर करता येईल का? बजेट दहा हजार. दर महिन्याला कुणाला भाडं द्यायची इच्छा नाही. लिनक्स पूर्वी एकदा टाकलं होतं, तेवढीच ओळख.

आणि हो, सध्या सगळं त्या एकाच पोर्टेबल डिस्कवर आहे. ओरडू नका.

चहात_बिस्कीट (रात्री १०:३१)

ओरडतो.

धागा नंतर वाचा. आत्ता ती पोर्टेबल डेस्कटॉपला लावा, सगळं त्याच्या १ टीबीच्या डिस्कवर कॉपीला टाका आणि झोपा. सर्व्हर पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल.

बिनतारी (रात्री १०:४०)

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही माळ्यावर असाच एक वृद्धाश्रम आहे.

हँबुर्गवाला (रात्री ११:५५)

ओसरीताई, यंत्र फुकट आहे, वीज फुकट नाही. हा हिशेब आधी करा.

लक्षात ठेवायला सोपं : १ वॅट वर्षभर अखंड जळला की ८.७६ युनिट. माझ्याकडे इथे युनिट ३५ सेंटच्या आसपास पडतं, म्हणजे एका वॅटला वर्षाला तीन युरो. मी आधी जुना डेस्कटॉप वापरायचो. तो रिकामा बसला तरी ५० वॅट खायचा, वर्षाचे दीडशे युरो. तेवढ्यात वापरलेला मिनी पीसी आला (आय-फाइव्ह ६५००टी, पुस्तकाएवढा डबा), तो डिस्क झोपलेल्या असताना ९ वॅटवर बसतो. लॅपटॉपही याच जातीचा असतो, कारण तो मुळात बॅटरीवर जगायला बनवलेला.

प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर कुठून तरी मिळवा. प्रोसेसरच्या डब्यावरचा आकडा बघून अंदाज बांधू नका, तो पूर्ण कामावरचा असतो. सर्व्हर दिवसातले तेवीस तास काहीच करत नसतो, तेव्हाचा आकडा महत्त्वाचा.

ओसरी (शनिवार, संध्याकाळी ६:१०)

रात्री कॉपी लावली, सकाळी झालेली होती. चहात_बिस्कीट, आता बरं वाटतंय का?

ऑफिसातल्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणलं. दुपारभर बाबा आणि मी हेच खेळत बसलो होतो. (बाबांनी मिक्सरही मोजून घेतला.)

डेस्कटॉप : नुसता चालू ६४, कॉपी करताना ७८, शटडाऊन करून भिंतीचं बटण चालू ठेवलं तर २.
लॅपटॉप : स्क्रीन चालू १९, झाकण बंद करून आत यंत्र चालू १० ते ११.
पोर्टेबल डिस्क फिरत असताना लॅपटॉपवर दोनेक वॅट जास्त.

युनिट सरासरी दहा रुपये धरलं तर डेस्कटॉप वर्षभर ठेवण्याचे साडेपाच हजार, लॅपटॉपचे साधारण नऊशे. डेस्कटॉप भंगारात?

अनुस्वार (शनिवार, संध्याकाळी ७:०२)

त्यात स्लॅबही आला. महिन्याला ४५ युनिट वाढली म्हणजे शंभरच्या आत असलेलं बिल वरच्या स्लॅबमध्ये जाणार, आणि मग अख्खं बिल चढ्या दराने!

हँबुर्गवाला (शनिवार, संध्याकाळी ७:३०)

अख्खं नाही हो. महावितरणच्या बिलात पहिली शंभर युनिट पहिल्याच दराने लागतात, शंभराच्या वरची तेवढी १०१ ते ३०० च्या दराने. आईचं बिल मीच इथून भरतो, पाठ आहे. पण वाढलेली युनिट महाग दराने जातात हे मात्र खरं.

तयार_पीठ (शनिवार, रात्री ९:१५)

थोडा वेगळा सूर. मी दोन डिस्कचा साठवणीचा तयार डबा घेतला. लावला, अर्ध्या तासात चालू, तीन वर्षं हात लावलेला नाही. लिनक्स शिकण्यात जे शनिवार-रविवार जातील त्यांची किंमत कोणी धरत नाही. दहा हजारांत बसणार नाही हे कबूल, पण 'फुकट' शब्द जपून वापरावा.

ओसरी (शनिवार, रात्री ९:४०)

मुद्दा पटला. पण माझे शनिवार-रविवार तसेही बाबांशी 'हे कुणाचं लग्न होतं' यावर वाद घालण्यात जातात.

बिनतारी (शनिवार, रात्री १०:०५)

दोन डिस्क घेऊन रेड-वन (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहायचं) करून टाका ना. एक मेली तर दुसरी आहेच. विषय संपला.

चहात_बिस्कीट (शनिवार, रात्री १०:०९)

विषय तिथे सुरू होतो. माझ्याकडे रेड-वन होतं. धाकट्याने 'जागा करतो' म्हणून २०१६ चं अख्खं फोल्डर उडवलं. रेडने अत्यंत निष्ठेने दोन्ही डिस्कवरून ते एकाच क्षणी उडवलं. डिस्क मेली तरी दुकान चालू राहावं यासाठी रेड असतं. आपल्या घरात तासभर दुकान बंद राहिलं तर कोण रडतंय? दुसरी डिस्क वेगळी ठेवा, तिच्यावर कालची, मागच्या आठवड्याची, मागच्या महिन्याची स्थिती ठेवा.

रात्रपाळी (रविवार, पहाटे ३:२०)

पाळीवर आहे, सर्व्हर झोपलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुम्ही दोन वेगळी कामं एकाच नावाखाली विचारताय. साठवण हे एक काम : बाबांना कधीही फाइल टाकता आली पाहिजे, तुम्हाला कधीही उघडता आली पाहिजे. ते यंत्र जागं लागतं, म्हणून ते कमी खाणारं हवं. तो तुमचा लॅपटॉप. बॅकअप हे दुसरं काम. आठवड्यातून एकदा तासभर उठायचं, नवीन काय आलंय ते उचलायचं आणि परत झोपायचं. त्याने तेवढा तास ७८ वॅट खाल्ले काय नि १०० खाल्ले काय! चार रविवार मिळून पाव-अर्धा युनिट. तेव्हा डेस्कटॉप भंगारात घालू नका. वीज खातो म्हणून ज्याला नावं ठेवतो तोच बॅकअपला उत्तम, कारण तो बहुतेक वेळ बंद असतो. बंद यंत्रात व्हायरस शिरत नाही, त्यावरची फाइल कोणी चुकून उडवत नाही आणि त्याच्या डिस्कही झिजत नाहीत.

आता लॅपटॉप. डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, खिडक्या-चित्रांच्या झगमगाटाशिवाय. ४ जीबी रॅमला साम्बा (घरातल्या कॉम्प्युटरना फोल्डर वाटून देणारा प्रोग्राम) म्हणजे किरकोळ काम. वेब-पान उघडून सगळं करायचं असेल तर ओपनमीडियावॉल्ट आहे, तेही डेबियनवरच उभं आहे. ट्रूनॅस या तशाच दुसऱ्या सिस्टमच्या वाटेला जाऊ नका, ते निदान ८ जीबी रॅम मागतं. दोन्ही यंत्रं ६४ बिटची आहेत म्हणून बरं. नाहीतर डेबियनने १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच बंद केलाय, जुने नेटबुक आणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, ते थांबवायला सिस्टमडीच्या लॉगइनडी नावाच्या कॉन्फ फाइलमध्ये झाकणाच्या स्विचची ओळ 'इग्नोर' करा. नाहीतर पहिल्याच दिवशी 'सर्व्हर दिसत नाही' म्हणून परत इथे याल.

डिस्क : डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडी (दुसरी डिस्क धरणारी चौकट) बसते. बूटची, म्हणजे यंत्र जिच्यावरून सुरू होतं ती डिस्क (एखादा जुना १२० जीबीचा एसएसडी असेल तर सोनं) मूळ जागेवर आणि डेटाची नवी २ टीबी कॅडीत. उलट करू नका, काही लॅपटॉपचं बायोस (यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) कॅडीतून बूट घेत नाही. अडीच इंची डिस्क ७ मिमी जाडीचीच घ्या. या आकाराच्या मोठ्या डिस्क बहुतेक एसएमआर असतात, म्हणजे लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले. एकटीने फाइल ठेवायला हरकत नाही, पहिल्या भरणीला मात्र धाप लागते, मध्येच वेग पार खाली येतो. घाबरू नका. रेडमध्ये किंवा झेडएफएस या फाइलपद्धतीत घालू नका एवढंच.

आता माझी गोष्ट, म्हणजे लाज गेली तरी चालेल. चौदा महिने माझा बॅकअप रोज रात्री अडीचला चालत होता. क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा) चोख, आरसिंक (फाइली कॉपी करणारा) चोख. एके दिवशी सर्व्हरची बूट डिस्क शंभर टक्के भरली म्हणून बघायला गेलो. पाच महिन्यांपूर्वी बॅकअपच्या डिस्कची यूएसबी वायर सैल झाली होती. डिस्क माउंट नाही, म्हणजे यंत्राला जोडलेलीच नाही, पण ती जिथे माउंट व्हायची ते फोल्डर तर आहेच ना! आरसिंक बापडा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे बूट डिस्कवरच, सगळं ओतत बसला होता. हे तरी सुदैव. हेच मूळ फाइलींच्या डिस्कबाबत झालं असतं आणि आरसिंकला 'डिलीट' सांगितलेलं असतं, तर त्याने रिकामं फोल्डर पाहून बॅकअपही रिकामा करून दिला असता.

तेव्हापासून प्रत्येक डिस्कच्या मुळाशी 'मी_इथे_आहे' नावाची एक रिकामी फाइल ठेवतो. स्क्रिप्टची पहिली ओळ : दोन्हीकडे ती फाइल दिसली तरच पुढे जा. आणि माउंटचं फोल्डर डिस्क काढलेली असताना चॅटर कमांडने कुलूपबंद करतो, म्हणजे चुकूनही त्यात काही लिहिलं जात नाही.

बॅकअप घेताना डेस्कटॉपने लॅपटॉपवरून ओढून घ्यावा. लॅपटॉपने डेस्कटॉपवर ढकलू नये. लॅपटॉपकडे डेस्कटॉपची किल्लीच नसेल तर लॅपटॉप बिघडला तरी डेस्कटॉपचं काही बिघडत नाही. त्यासाठी आरस्नॅपशॉट हा प्रोग्राम बघा. न बदललेल्या फाइलींना तो हार्डलिंक (त्याच फाइलचं आणखी एक नाव) लावतो, त्यामुळे दहा आठवड्यांच्या दहा पूर्ण प्रती दिसतात पण जागा एकीचीच जाते. रेस्टिक आणि बोर्ग हे बॅकअपचे प्रोग्राम जास्त हुशार आहेत, एन्क्रिप्शनही करतात. पण उद्या तुम्ही नसताना तुमच्या भावाला त्या डिस्कमधून फोटो काढायचा झाला, तर साधी फोल्डरं उघडता येतील. माझं मत साध्याच्या बाजूने.

चहा आला. येतो.

अनुस्वार (रविवार, सकाळी ८:४५)

वाचनखूण साठवली. 'मी_इथे_आहे' भारी आहे.

वऱ्हाडी_ठसका (रविवार, सकाळी ११:३०)

सगळे बोलले, बॅटरीचं कोणीच नाही बोललं.

लॅपटॉप म्हणजे फुकटचा यूपीएस, असं मीही म्हणायचो. अकोल्यात मे महिन्यात वरच्या खोलीत ठेवला होता, चोवीस तास चार्जर लावून. अकरा महिन्यांत टचपॅड वर उचलला गेला. मला वाटलं स्क्रू ढिले झाले. उघडतो तं आतली बॅटरी पापडासारखी फुगलेली! शंभर टक्के चार्ज आणि वरून उष्णता, हे लिथियमला मारक असते. ज्या लॅपटॉपात चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय आहे तिथे ती लावा. नसेल आणि बॅटरी जुनी असेल तर सरळ काढून टाका. फुगलेली असेल तर दाबू-टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि माळ्यावर ठेवू नका. आमच्याकडे ४५ डिग्री बाहेर असते, पत्र्याखाली तं विचारूच नका. डिस्क पन्नासच्या आत राहिली पाहिजे.

गुहागरी (रविवार, दुपारी १:१०)

आमच्याकडे उष्म्यापेक्षा वीज. म्हणजे आकाशातली. मेच्या शेवटी आणि परतीच्या पावसात जी कडाडते, त्यात माझं एक नेटवर्क कार्ड आणि राउटर दोन्ही गेले. प्लगला सर्ज प्रोटेक्टर होता. झटका आला खांबावरून घरात येणाऱ्या जुन्या इंटरनेटच्या तांब्याच्या वायरीतून. आता फायबर आहे, त्यातून येत नाही, तरी ढग दिसले की मी सगळं उपटून ठेवतो. हौशी सर्व्हरला तेवढी सुट्टी परवडते.

दुसरा शत्रू उंदीर. त्यावर तंत्रज्ञान नाही, मांजर आहे.

ओसरी (रविवार, रात्री ९:३०)

रात्रपाळी, इतकं सविस्तर लिहिलंत, खरंच आभार. लॅपटॉपची बॅटरी काढली (मागे खटके आहेत, सहज निघाली). सपाट आहे, पण दहा मिनिटंसुद्धा टिकत नव्हती. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर चालवेन.

स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे) आकडे काढले. काय समजायचं?
लॅपटॉपची ५०० जीबी : ५ नंबर शून्य, १९७ नंबर ८.
डेस्कटॉपची १ टीबी : ५ आणि १९७ शून्य, १९९ नंबर ३१२.

रात्रपाळी (रविवार, रात्री ११:५०)

५ म्हणजे खराब म्हणून बदललेली सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आलेली, निकाल न लागलेली सेक्टर. आठ आहेत. ती डिस्क निवृत्त करा, बूटलासुद्धा नको.

१९९ म्हणजे डिस्क आणि बोर्डामधल्या वायरीत झालेल्या चुका. डिस्क चांगली आहे, साटा केबल बदला. आकडा परत शून्य होणार नाही, तो आयुष्यभराचा आहे. ३१२ वर थांबला की जिंकलात.

बिनतारी (सोमवार, दुपारी २:१५)

जुन्या राउटरला यूएसबी आहे, त्यालाच डिस्क लावली तर? किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर)?

हँबुर्गवाला (सोमवार, संध्याकाळी ५:००)

जुन्या राउटरचं यूएसबी बहुतेक २.० असतं आणि प्रोसेसर दमलेला. गाणी ऐकायला ठीक, चारशे जीबीला नको. पाय ४ पासून खरं गिगाबिट आणि यूएसबी ३ आहे, घरात पडलेला असेल तर जरूर. विकत घेऊन नको, घरात लॅपटॉप असताना कशाला?

अनुस्वार (सोमवार, रात्री ८:२०)

बाहेरगावाहून बघायचं असेल तर? राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायचा का?

रात्रपाळी (मंगळवार, पहाटे २:४०)

साम्बाचा पोर्ट इंटरनेटवर? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस त्याच दारातून जगभर फिरलं. नको. शिवाय आपल्याकडे बरेच ब्रॉडबँडवाले एकाच बाहेरच्या पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोचत नाही. वायरगार्ड या व्हीपीएनवर (खाजगी बोगद्यावर) चालणारं टेलस्केल टाका, दोन्ही अडचणी सुटतात. पण ओसरीताईंना याची आत्ता गरज नाही. आधी घर उभं राहू दे, मग गॅलरी.

ओसरी (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:३०)

झालं. जवळजवळ.

कॅडी पहिली आली ती १२.७ मिमीची, माझ्या लॅपटॉपला ९.५ लागत होती. परत. दुसरी बसली. भावाकडचा जुना एसएसडी मूळ जागेवर, नवी २ टीबी कॅडीत. डेबियन, साम्बा. झाकण 'इग्नोर'. टीव्हीखालच्या कप्प्यात उभा करून ठेवलाय, मीटरवर ९ वॅट. बाबांच्या स्कॅनिंगच्या कॉम्प्युटरवर एक नवीन ड्राइव्ह दिसते, तिचं नाव त्यांनी 'ट्रंक' ठेवलंय.

२०१२ च्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्ड १०० मेगाबिटचं निघालं. सेकंदाला ११ एमबी, म्हणजे सव्वाचारशे जीबीला जवळपास अकरा तास. म्हणून पहिली भरणी पोर्टेबल डिस्क थेट लॅपटॉपला लावून आरसिंकने केली. रोजच्या पन्नाससाठ फ्रेमना ११ एमबी रग्गड आहे.

डेस्कटॉपने मात्र मला नाचवलं. रविवारी पहाटे स्वतःहून उठण्याचा गजर लावला. पहिला रविवार : उठला नाही. घड्याळ बघते तर १ जानेवारी २००८. बोर्डावरचा सेल मेला होता, तो बदलला (सीआर २०३२, वजनकाट्यात असतो तोच). दुसरा रविवार : परत उठला नाही. घड्याळ बरोबर. दोन तास बायोस चाळलं. मग लक्षात आलं, झोपायला जाताना घरातली सगळी बटणं बंद करायची बाबांची पन्नास वर्षांची सवय आहे! भिंतीचंच बटण बंद, तर गजर कुणाला ऐकू येणार? स्टुडिओत एकदा वायर जळाली होती, तेव्हापासूनचं आहे ते. सांगून सुटणार नाही.

तेव्हा गजर काढून टाकला. बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' असं ठेवलं. आता रविवारी आंघोळ झाली की बाबा भिंतीचं बटण दाबतात. डेस्कटॉप उठतो, 'मी_इथे_आहे' तपासतो, लॅपटॉपवरून नवीन तेवढं ओढतो, मला मेल पाठवतो, स्वतःला बंद करतो. पंखा थांबला की बाबा बटण बंद करतात. ते २ वॅटही वाचले, आणि गुहागरीकाका, वीज कडाडली तरी त्याला काही होणार नाही.

गुहागरी (रविवार, दुपारी १:०५)

बटण बंद म्हणून निर्धास्त राहू नका, बटण एकच तार तोडतं. पिनच काढायची सवय लावा. आणि नेटवर्कची वायरही.

तयार_पीठ (रविवार, दुपारी १:४०)

बाबा हेच क्रॉन! माघार घेतो. असला भाग माझ्या डब्यात मिळत नाही.

चहात_बिस्कीट (रविवार, दुपारी २:००)

अभिनंदन वगैरे नंतर. परत मिळवून बघितलंत का? बॅकअपमधून एक अख्खं फोल्डर दुसरीकडे उतरवा, उघडा. आणि मूळ पोर्टेबलवरच्या फाइली मोजा, लॅपटॉपवरच्या मोजा, डेस्कटॉपवरच्या मोजा. तिन्ही आकडे इथे टाका.

ओसरी (रविवार, संध्याकाळी ७:५०)

१९९१ चा एका बारशाचा रोल डेस्कटॉपवरून उतरवला. सगळ्या ३६ उघडल्या. नाचले. मग मोजल्या.

भरणीच्या दिवशी पोर्टेबलवर होत्या त्या : १८,२१४.
त्यातल्या लॅपटॉपवर : १८,०६८.
डेस्कटॉपवर : १८,०६८.

१४६ फ्रेम कुठे गेल्या? पोर्टेबल अजून पुसलेली नाही म्हणून हातपाय गार पडले नाहीत, पण कळत नाहीये.

रात्रपाळी (रविवार, रात्री ८:१५)

आरसिंकने पहिल्या भरणीच्या शेवटी काय लिहिलं होतं?

ओसरी (रविवार, रात्री ८:४०)

लॉग ठेवला होता. शेवटी कोड २३. तेव्हा मला वाटलं परवानगीचं काहीतरी असेल, आणि फोटो तर दिसत होते. वर शोधलं तर चार ठिकाणी 'फाइल नेम टू लाँग', पुढे कंसात ३६. चार फोल्डरं, म्हणजे चार रोल. दोनांत ३६ आणि दोनांत ३७ फ्रेम. १४६.

पण हीच नावं विंडोजवर चालत होती!

रात्रपाळी (रविवार, रात्री ९:०५)

सापडलं. नाव मराठीत आहे ना? विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, एनटीएफएस, नावाला २५५ अक्षरं देते. लिनक्सची ईएक्सटी४ देते २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळ्यांचे वेगळे तीन. म्हणजे आपल्याला जेमतेम ८५ चिन्हं मिळतात. 'तृतीया' एवढ्या एका शब्दाला अठरा बाइट.

फोल्डरच तयार झालं नाही तर आरसिंक आतलं सगळं सोडून पुढे जातो. कोड २३ म्हणजे 'काही राहिलंय'. स्क्रिप्टमध्ये कोड शून्य नसेल तर मेलच्या विषयातच बोंब मारायला सांगा.

अनुस्वार (रविवार, रात्री ९:१०)

माझ्यामुळे तीन बाइट जातात हे आज कळलं. क्षमस्व.

ओसरी (रविवार, रात्री १०:३०)

बाबांनी पाकिटावर जे लिहिलेलं होतं तेच फोल्डरला दिलंय, एक शब्द न गाळता. नमुना बघा :

'वैशाख शुद्ध तृतीया अक्षय्य तृतीया थोरल्या वाड्यातील सामुदायिक मौंजीबंधन सोहळा दुपारची पंगत आणि आहेर रोल क्रमांक तीन'

मोजलं, ३१३ बाइट. 'बाबा, नाव लहान करावं लागेल' म्हटलं. म्हणाले, काय गाळू ते सांग. तिथी गाळली तर कोणत्या दिवशीची मुंज ते कसं कळणार, वाडा गाळला तर कुणाची ते कसं कळणार. शेवटी तोडगा असा निघाला की फोल्डरचं नाव वर्ष आणि रोलचा नंबर, आणि आत 'पाकीट' नावाची एक टेक्स्ट फाइल, त्यात हवं तेवढं लिहा. ते खूश, कारण आता जेवणाचा मेनूही लिहिता येतो.

१८,२१४. तिन्हीकडे. डेस्कटॉपला एकाच रविवारी दुसऱ्यांदा बटण मिळालं.

पोर्टेबल पुढच्या आठवड्यात भावाबरोबर पुण्याला जाईल. दिवाळीला आणि पाडव्याला तो येतो तेव्हा आणेल, ताजी करून परत नेईल. त्याआधी तिच्यावरची चार नावं बदलायची आहेत.

चहात_बिस्कीट (रविवार, रात्री १०:३४)

पोर्टेबल भावाच्या गाडीत चढेपर्यंत पुसू नका.

ओसरी (रविवार, रात्री १०:३६)

नाही पुसत. बाबांनी तिच्यावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' लिहिलंय.

बिनतारी (सोमवार, सकाळी ९:२०)

माळ्यावरचे तिन्ही म्हातारे खाली काढले. एकात उंदराचं घरटं निघालं, उरलेल्या दोघांचे आकडे रात्री टाकतो. मीटर कुणाकडे आहे का, ठाण्यात?